पट्टीवर वाढणारा ड्रॅग गोलावर का घटतो: सीमास्तराच्या वर्तनाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टोइंग टँकमध्ये, म्हणजे वस्तू पाण्यातून ओढून त्यांवरील बल मोजण्याच्या लांब टाकीत, पूर्ण बुडवलेली २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद गुळगुळीत पट्टी सेकंदाला १ मीटर वेगाने ओढली, तेव्हा बलमापकाने साडेसहा न्यूटनच्या आसपास ड्रॅग, म्हणजे पाण्याचा रोध, दाखवला. स्तरीय प्रवाहाच्या, म्हणजे पाण्याचे पापुद्रे एकमेकांत न मिसळता सरकतात अशा प्रवाहाच्या, सूत्राने मात्र दोन्ही बाजू धरूनही दोन न्यूटनपेक्षा कमी उत्तर येते. त्याच टाकीत २० सेंटिमीटर व्यासाचा गोल ओढताना १ मीटर वेगाला साडेसात, दीड मीटरला सोळाच्या आसपास आणि २ मीटरला पुन्हा सहाच्या आसपास न्यूटन अशी वाचने मिळाली. पट्टीवर अपेक्षेपेक्षा जास्त आणि गोलावर अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजे बलमापकच बिघडला असावा, अशी तुमची शंका आहे.

बलमापक बहुधा ठीक आहे. दोन्ही वाचनांमागे घडलेली गोष्ट एकच आहे: पृष्ठभागाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर स्तरीय अवस्थेतून संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी ढवळलेल्या, अवस्थेत गेला. तीच घटना पट्टीला महागात पडते आणि गोलाला फायद्याची ठरते. असे का, हे समजण्यासाठी या थराकडे संवेगाची जमाखर्चाची वही म्हणून पाहावे, असे मी नेहमी सुचवतो. निव्वळ सूत्रे पाठ करून हा विरोधाभास सुटत नाही.

श्यानता, म्हणजे द्रायूचा (वाहणाऱ्या द्रवाचा किंवा वायूचा) चिकटपणा, शून्य मानला तर एकसमान प्रवाहात पूर्ण बुडालेल्या कोणत्याही वस्तूवरील ड्रॅग शून्य येतो. हे द'अलांबेरने १७५२ साली दाखवले, आणि पाण्याची श्यानता इतकी कमी असूनही प्रत्यक्षात ड्रॅग भरपूर का असतो, हे कोडे त्यानंतर दीडशे वर्षे तसेच राहिले. १९०४ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लुडविग प्रांटल यांनी एका छोट्या निबंधात त्याची उकल मांडली. पृष्ठभागाला टेकलेले द्रायूचे कण पृष्ठभागाच्या सापेक्ष स्थिर असतात, श्यानता कितीही कमी असली तरी ही अट सुटत नाही, आणि म्हणून शून्यापासून बाहेरच्या प्रवाहाच्या पूर्ण वेगापर्यंतचा सगळा बदल एका पातळ थरातच उरकावा लागतो. थर पातळ असल्यामुळे त्यातील वेगाचा उतार तीव्र असतो, आणि त्या तीव्र उतारामुळेच क्षुल्लक वाटणारी श्यानता दखल घेण्याजोगे कर्तन प्रतिबल, म्हणजे पृष्ठभागाला समांतर ओढणारे दर क्षेत्रफळाचे बल, निर्माण करते. हा थर म्हणजे सीमास्तर. त्याच्या बाहेर श्यानता विसरली तरी चालते. त्याच्या आत विसरली तर सगळेच चुकते.

थराची जाडी कशी ठरते, हे सूत्राशिवायही सांगता येते. पृष्ठभागाने पाण्याला थोपवल्याची वार्ता श्यानतेमुळे हळूहळू बाहेर झिरपत जाते, आणि जितका वेळ मिळेल त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ती लांब पोहोचते. पट्टीच्या पुढच्या कडेपासून २ मीटर अंतर कापायला १ मीटर वेगाच्या पाण्याला २ सेकंद लागतात. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची शुद्धगतिक श्यानता, म्हणजे श्यानता भागिले घनता, सेकंदाला सुमारे १ चौरस मिलिमीटर असते, म्हणून झिरपण्याचे अंतर २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर येते. ब्लाझियस यांनी १९०८ साली सपाट पट्टीसाठी जे अचूक उत्तर प्रसिद्ध केले, त्यानुसार वेग बाहेरच्या वेगाच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचतो ती उंची या अंतराच्या सुमारे पाचपट असते. थर शेवटपर्यंत स्तरीय राहिला असता, तर तुमच्या पट्टीच्या मागच्या कडेशी त्याची जाडी ७ मिलिमीटर भरली असती.

आता जमाखर्च. थरात पाण्याने जो संवेग गमावला, तोच पट्टीवरील ड्रॅग. दुसरीकडून तो येऊच शकत नाही, कारण सपाट पट्टीवर प्रवाहाच्या दिशेने दाब बदलत नाही. गमावलेला संवेग बाहेरच्या प्रवाहाच्या किती जाडीच्या थराइतका आहे, हे सांगणाऱ्या राशीला संवेग-जाडी म्हणतात, आणि माझ्या मते ती ९९ टक्क्यांच्या जाडीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण ९९ हा आकडा केवळ सोयीचा आहे, तर संवेग-जाडी थेट बलाशी बांधलेली आहे. स्तरीय थरासाठी तुमच्या मागच्या कडेशी ती ०.९४ मिलिमीटर येते. तिला घनता आणि वेगाच्या वर्गाने गुणले, की रुंदीच्या दर मीटरला एका बाजूचा ड्रॅग ०.९४ न्यूटन मिळतो आणि दोन्ही बाजूंचा मिळून १.९. हेच तुमचे पाठ्यपुस्तकी उत्तर. प्रत्यक्षातील साडेसहा न्यूटनचा अर्थ असा, की पट्टीने त्याच्या तिपटीहून अधिक संवेग पाण्यातून काढून घेतला.

हा जादा संवेग पृष्ठभागापर्यंत पोहोचवला कोणी? स्तरीय थरात शेजारच्या पापुद्र्यांमधील देवाणघेवाण फक्त रेणूंच्या पातळीवर होते, आणि ती फार संथ असते. पुढच्या कडेपासूनचे अंतर आणि वेग यांवर आधारलेला रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले अंतर, भागिले शुद्धगतिक श्यानता) वाढत गेला, की थरातील बारीक कंपने शमण्याऐवजी वाढू लागतात. टोल्मीन आणि श्लिख्टिंग यांनी या लहरींचे गणित १९२९ आणि १९३३ च्या सुमारास केले होते; पण हवेच्या प्रवाहाचे प्रयोग ज्यांत करतात त्या वातबोगद्यांतील हवाच इतकी खळबळलेली असे, की अनेक वर्षे त्या कोणाला दिसल्या नाहीत. अतिशय शांत प्रवाहाच्या बोगद्यात शुबाउअर आणि स्क्रामस्टाड यांनी त्या पकडल्या, तेव्हा स्तरीय थर २८ लाख रेनॉल्ड्स अंकापर्यंत टिकलेला आढळला. पाठ्यपुस्तकांतील ५ लाख हा आकडा म्हणूनच निसर्गाचा स्थिरांक नाही, तो सर्वसाधारण परिस्थितीतील अनुभव आहे. समोरून येणाऱ्या प्रवाहातील खळबळ, पुढच्या कडेचा आकार, पृष्ठभागाची खरबरीतता, आधारदांड्याची थरथर, यांपैकी काहीही बिघडले तर संक्रमण, म्हणजे थर स्तरीयचा संक्षुब्ध होणे, अलीकडे सरकते.

तुमच्या पट्टीच्या मागच्या कडेशी हा अंक २० लाख आहे. संक्रमण ५ लाखांवर झाले असे धरले, तर पहिला अर्धा मीटर स्तरीय आणि उरलेला दीड मीटर संक्षुब्ध असा हिशेब होतो, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ६.४ न्यूटन येते. पुढच्या कडेपासूनच थर संक्षुब्ध असता, तर ते ८ न्यूटनच्या थोडे वर गेले असते. तुमचे वाचन पहिल्या उत्तराच्या इतके जवळ आहे, की त्यात शंकेला जागा दिसत नाही. फक्त आधारदांड्यावरील ड्रॅग वेगळा मोजून वजा केला होता ना, एवढे तपासा.

संक्षुब्ध थराचे वैशिष्ट्य नीट पाहण्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवावेत. थराच्या जाडीच्या एक दशांश उंचीवर स्तरीय थरातील वेग बाहेरच्या वेगाच्या सुमारे १७ टक्के असतो. संक्षुब्ध थरात, नेहमीचा एक-सप्तमांश घातांकाचा नियम धरला, तर तो ७२ टक्के भरतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने पृष्ठभागाजवळच्या पाण्याची ऊर्जा जवळपास १८ पट झाली, असा त्याचा अर्थ होतो. भोवरे बाहेरचे वेगवान पाणी खाली आणून टाकतात आणि तळाचे सुस्त पाणी वर उचलतात. पृष्ठभागाजवळ वेग वाढला, म्हणजे तिथला उतार तीव्र झाला आणि घर्षण वाढले. पट्टीसाठी गोष्ट इथेच संपते, आणि ती तोट्याची आहे.

गोलाचे गणित मुळातच निराळे आहे. तिथे घर्षणाचा वाटा थोडा असतो; जवळजवळ सगळा ड्रॅग समोरच्या आणि मागच्या बाजूंच्या दाबांतील फरकामुळे येतो. श्यानता नसती तर समोरच्या स्तब्धबिंदूपासून, म्हणजे पाणी गोलाला आदळून थांबते त्या बिंदूपासून, पाणी वेग घेत विषुववृत्तापाशी मूळ वेगाच्या दीडपट झाले असते, तिथे दाब सर्वांत कमी झाला असता, आणि मागच्या अर्ध्या भागात वेग परत देऊन दाब पूर्णपणे भरून निघाला असता. म्हणजे पुढचा प्रवास दाबाच्या उतारावरचा आणि मागचा चढावरचा. बाहेरच्या पाण्याने उतारावर कमावलेला वेग चढ पार करायला बरोबर पुरतो. सीमास्तरातील पाण्याने मात्र वाटेत घर्षणापोटी काही गमावलेले असते, पण चढ त्यालाही तेवढाच चढायचा असतो, कारण पातळ थरात दाब आडव्या दिशेने जवळजवळ बदलत नाही. बाहेरचा दाब जसाच्या तसा पृष्ठभागापर्यंत लादला जातो. तळाचे सुस्त पाणी मधेच थकते, थांबते आणि उलट फिरते. जिथे पृष्ठभागावरील कर्तन प्रतिबल शून्य होते, तिथे थर पृष्ठभाग सोडतो. यालाच विलगन म्हणतात.

स्तरीय थर या बाबतीत किती दुबळा असतो, याची कल्पना हॉवर्थ यांच्या १९३८ मधील एका गणितावरून येते. बाहेरचा वेग सरळ रेषेत घटत जाणारा प्रवाह घेतला, तर तो अवघा १२ टक्के घटतो तोच स्तरीय थर विलग होतो. बारा टक्के म्हणजे काहीच नाही. गोलासारख्या आखूड वस्तूच्या मागच्या भागात वेग त्याच्या कितीतरी पटींनी घटायला हवा असतो, आणि ते स्तरीय थराला जमणे शक्य नसते.

इथे एक बारकावा आहे, आणि विद्यार्थी त्यावर हमखास अडखळतात. दाबाचा चढ विषुववृत्तानंतर, म्हणजे स्तब्धबिंदूपासून मोजलेल्या ९० अंशांनंतर सुरू होत असेल, तर मोजलेले स्तरीय विलगन ८० ते ८२ अंशांवर, चढ लागण्याच्या आधीच कसे दिसते? कारण तो ९० अंशांचा आकडा आदर्श प्रवाहाचा आहे. विलगन झाल्यावर मागे जो रुंद वेक (वस्तूमागचा ढवळलेला, सुस्त पाण्याचा पट्टा) तयार होतो, तो बाहेरच्या प्रवाहाचाच आकार बदलतो. दाबाचा नीचांक पुढे, विषुववृत्ताच्या अलीकडे सरकतो आणि चढ तिथूनच सुरू होतो. बाहेरचा प्रवाह आधी ठरवायचा आणि मग सीमास्तर काढायचा, ही एकमार्गी पद्धत विलगन होईपर्यंतच खरी असते. त्यानंतर दोघे एकमेकांना घडवतात.

व्यासावर आधारलेला रेनॉल्ड्स अंक २ ते ३ लाखांच्या पलीकडे गेला, की गुळगुळीत गोलावर चित्र पालटते. स्तरीय थर पृष्ठभाग सोडतो, सुटलेला थर लगेच संक्षुब्ध होतो, बाहेरचे वेगवान पाणी खाली ओढतो आणि पृष्ठभागाला पुन्हा चिकटतो. मधे एक बारीक बुडबुडा अडकून राहतो. तो हवेचा नव्हे, फिरणाऱ्या पाण्याचा. पुन्हा चिकटलेला हा संक्षुब्ध थर तळाशी भरपूर ऊर्जा बाळगून असल्याने दाबाचा चढ दूरवर चढतो आणि सुमारे १२० अंशांवर विलग होतो. वेक अरुंद होतो, मागच्या बाजूचा दाब बराचसा भरून निघतो आणि ड्रॅग गुणांक (ड्रॅगला समोरचे क्षेत्रफळ, घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्म्याने भागून मिळणारा अंक) सुमारे ०.४७ वरून ०.१ च्या आसपास कोसळतो. घर्षण या सगळ्यात वाढलेलेच असते, पण ते इतके किरकोळ असते, की दाबाच्या बचतीपुढे लक्षातही येत नाही.

आता तुमची वाचने तपासा. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे समोरचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. १ मीटर वेगाला रेनॉल्ड्स अंक २ लाख, गुणांक ०.४७, आणि ड्रॅग ७.४ न्यूटन. दीड मीटरला अंक ३ लाख, गुणांक अजून जुनाच, ड्रॅग १६.६. दोन मीटरला अंक ४ लाख, गुणांक ०.१, ड्रॅग ६.३. जुना गुणांक कायम राहिला असता, तर हे शेवटचे वाचन साडेएकोणतीस न्यूटन आले असते. नुसता गुणांकच नव्हे, तर वेग वाढूनही प्रत्यक्ष बल घटावे, असे फार थोड्या ठिकाणी घडते. त्यामुळे ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला उपकरणाचीच शंका यावी, हे साहजिक आहे. तुम्ही त्या बाबतीत एकटे नाही. १९१२ च्या सुमारास गुस्ताव्ह आयफेल यांनी पॅरिसच्या बोगद्यात मोजलेला गोलाचा गुणांक जर्मनीतील गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्याकडे झालेल्या मोजणीपेक्षा बराच कमी आला होता, आणि तेव्हाही पहिला संशय मोजणीवरच गेला. दोन्ही मोजण्या बरोबर होत्या. एक संक्रमणाच्या अलीकडची होती आणि दुसरी पलीकडची. १९१४ साली प्रांटल यांनी गोलाच्या विषुववृत्ताच्या थोडी अलीकडे एक बारीक तार गुंडाळली आणि कमी वेगालाही ड्रॅग घटतो हे दाखवून वाद मिटवला. अडथळा बसवून ड्रॅग कमी करण्याचा इतका स्वस्त आणि इतका निर्णायक प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

तुम्ही असेही लिहिले आहे, की १.७ ते १.९ मीटर वेगाच्या दरम्यान वाचने एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जुळत नाहीत आणि गोल बाजूला खेचला जातो. तोही दोष नव्हे. या पट्ट्यात वर सांगितलेला बुडबुडा गोलाच्या एका बाजूला तयार होतो आणि दुसऱ्या बाजूला होत नाही, असे घडू शकते. मग दाब विषम होतो आणि आडवे बल येते. वेग वाढवत जाताना आणि कमी करत येताना उडी वेगवेगळ्या वेगाला पडणेही शक्य आहे. म्हणून या पट्ट्यातील वाचनांची सरासरी काढू नका. दोन वेगळ्या अवस्थांची सरासरी ही कोणत्याच अवस्थेची नसते. प्रत्येक फेरी स्वतंत्र नोंदवा, आणि वेग वाढता होता की उतरता, तेही लिहा.

खरबरीतपणाविषयी तुमचा उपप्रश्न होता. संक्षुब्ध थराच्या अगदी तळाशी एक श्यान उपस्तर असतो, जिथे भोवऱ्यांना हालचालीला जागाच नसते. तुमच्या पट्टीच्या मागच्या कडेशी घर्षणवेग (पृष्ठभागावरील कर्तन प्रतिबल भागिले घनता, याचे वर्गमूळ) सेकंदाला ४ सेंटिमीटर येतो, त्यावरून उपस्तराची जाडी जेमतेम ०.१२ मिलिमीटर. पृष्ठभागाचे उंचवटे याच्या आत बुडून राहिले, तर थराला पृष्ठभाग गुळगुळीतच भासतो. ते याच्या दहा-पंधरापट उंच झाले, तर घर्षण श्यानतेवर अवलंबून राहातच नाही, ते फक्त उंचवट्यांच्या मापावर ठरते. वेग वाढला की उपस्तर आणखी पातळ होतो, म्हणून कमी वेगाला गुळगुळीत असलेली पट्टी जास्त वेगाला खरबरीत ठरू शकते. पट्टीवर खरबरीतपणा सर्वस्वी तोट्याचा. गोलावर तो संक्रमण अलीकडे आणतो, म्हणून एका ठराविक वेगाच्या पट्ट्यात फायद्याचा. गोल्फच्या चेंडूवरील खळगे हेच काम करतात, आणि क्रिकेटच्या चेंडूची शिवण एकाच बाजूचा थर संक्षुब्ध करून चेंडूला वळवते. पण फार जास्त वेगाला थर आपोआपच संक्षुब्ध होणार असेल, तर खरबरीतपणा त्याला निष्कारण जाड आणि थकलेला करतो आणि विलगन पुन्हा पुढे आणतो.

प्रारूपावरून, म्हणजे लहान नमुन्यावरून, मोठ्या वस्तूचा ड्रॅग काढणार असाल, तर सर्वांत मोठा धोका इथेच आहे. विल्यम फ्रूड यांनी १८७२ पासून टॉर्कीच्या टाकीत लाकडी फळ्या ओढून घर्षण वेगळे मोजायला सुरुवात केली, ती याच गरजेतून. पूर्ण आकाराच्या जहाजावर थर जवळजवळ पुढच्या टोकापासून संक्षुब्ध असतो, तर लहान प्रारूपावर त्याचा मोठा भाग स्तरीय राहू शकतो. म्हणून प्रारूपाच्या पुढच्या भागावर वाळूची पट्टी किंवा बारीक खुंट्या लावून थराला मुद्दाम संक्षुब्ध करतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी असे काही न लावता एका लांबट प्रारूपाची महिनाभर मोजणी केली होती. वाचने सुंदर जुळत होती आणि सगळी निरुपयोगी होती, कारण संक्रमणाची जागा दर वेगाला सरकत होती आणि तिचा हिशेब माझ्याकडे नव्हता.

पुढे काय करावे ते सांगतो. पट्टीच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना बारीक वाळूची अरुंद पट्टी चिकटवा आणि १ मीटर वेगाला पुन्हा मोजा. वाचन साडेसहावरून आठच्या दिशेने सरकले, तर संक्रमणाचा अंदाज बरोबर. पुढची कड बोथट असेल तर ती लंबवर्तुळाकार घासून घ्या, नाहीतर तिथेच छोटे विलगन होऊन थर पहिल्या सेंटिमीटरपासून संक्षुब्ध होईल आणि वाळूने काहीच फरक पडणार नाही. दोन फेऱ्यांमध्ये पाणी पूर्ण निवळू द्या. घाई केलीत तर मागच्या फेरीची खळबळ पुढच्या फेरीचे संक्रमण ठरवील.

गोलाला समोरच्या स्तब्धबिंदूपासून सुमारे ६० अंशांच्या वर्तुळावर १ मिलिमीटर जाडीची तार घट्ट बसवा. १ मीटर वेगाला तिथला सीमास्तर स्वतःच मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडा कमी जाड आहे, त्यामुळे एवढी तार पुरेल. आधारदांडा मात्र मागच्या बाजूने, प्रवाहाच्या रेषेत घ्या. बाजूने घेतलेला दांडा विलगनाच्या रेषेलाच छेदतो आणि वेक बिघडवतो. गोल पृष्ठभागापासून निदान काही व्यास खोल असू द्या, म्हणजे लाटांपोटी जाणारे बल मोजणीत मिसळणार नाही. मग तारेसह आणि तारेविना, दोन्ही वेळा अर्ध्या मीटरपासून २ मीटरपर्यंत वेग छोट्या पायऱ्यांनी वाढवत न्या. तारेविना १.८ मीटरच्या आसपास दिसणारी घसरण तारेसह १ मीटरच्या आसपास किंवा त्याआधीच दिसली पाहिजे, आणि २ मीटरला तारेचा गोल साध्या गोलापेक्षा किंचित जास्त ड्रॅग दाखवील, कारण तिथे तारेने करण्याजोगे काम उरलेले नसते, तिचा स्वतःचा अडथळा तेवढा उरतो.